उतारावरची वीज

मेट्रनबाईंच्या ड्रायव्हिंगच्या परीक्षेच्या दिवशी सकाळी घरातले झाडून सगळे कपडे धुऊन झाले होते, भांडी लखलखत होती, गच्चीवरची टाकी भरून ओसंडत होती, गीझरमधल्या पाण्याला हात लावायची सोय नव्हती, आणि गाडीत फक्त नऊ टक्के चार्ज होता.

हा शोध सुनेला लागला. ती मोटार ड्रायव्हिंगचा क्लास चालवायची आणि ती छोटी पांढरी इलेक्ट्रिक गाडी म्हणजे तिचा फळा, खडू आणि वर्ग असं सगळंच होतं. परीक्षेआधी सासूबाईंना, म्हणजे मेट्रनबाईंना, एक फेरी मारून आणावी म्हणून ती किल्ली घेऊन खाली गेली, गाडीत बसली, समोरच्या पडद्यावरचा आकडा वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला, आणि परत वर येऊन तिने न्हाणीघराच्या दारावर थाप मारली. आत तिचा नवरा दाढी करत होता.

"अहो, गाडी रात्री चार्जिंगला लावली होती ना?"

"लावली होती म्हणजे काय! स्वस्त दर सुरू झाला की आपोआप चालू होईल असं करून ठेवलं होतं," आतून आवाज आला. "आता ऐंशी टक्के झाली असेल. त्याच्यावर भरायची नाही, बॅटरीची तब्येत बिघडते."

"नऊ आहेत."

"नव्वद? मग कुणीतरी मर्यादा बदलली."

"नव्वद नाही हो. नऊ. दहाच्या आधी येतात ते."

आतलं खरवडणं थांबलं. दार उघडलं आणि एक गाल साफ, दुसऱ्यावर फेस, अशा अवस्थेत वीजमंत्री बाहेर आले.

वीजमंत्री ही पदवी त्यांना घरच्यांनी बहाल केलेली होती. वर्षभरापूर्वी पेट्रोलची जुनी गाडी विकून ही इलेक्ट्रिक घ्यायचा हट्ट त्यांचाच. 'पेट्रोलच्या कटकटीतून कायमचे सुटलो,' असं ते भेटेल त्याला थांबवून सांगत. सगळ्यांना सांगून व्हायच्या आतच विजेचे दर वाढले. मग पुन्हा वाढले. तिसऱ्या खेपेला वीज कंपनीने नुसते दर वाढवले नाहीत, ते वेळेप्रमाणे वेगवेगळे केले. सकाळी आणि संध्याकाळी, म्हणजे माणसाला विजेची खरी गरज असते तेव्हा, सगळ्यात महाग. आणि भर दुपारी किंवा मध्यरात्रीनंतर, म्हणजे माणूस घराबाहेर नाहीतर अंथरुणात असतो तेव्हा, स्वस्त.

त्या दिवशी त्यांनी घरच्या विजेचा कारभार स्वतःकडे घेतला. ते एका शीतगृहाचे व्यवस्थापक होते. खंडोगणती बटाट्यांना कमीत कमी विजेत वर्षभर थंड ठेवणाऱ्या माणसाला चार माणसांचं घर काय जड, असा त्यांचा हिशेब होता. बटाटे उलटून बोलत नाहीत हे त्या हिशेबात धरायचं राहून गेलं होतं. त्यांनी घरातल्या प्रत्येक मोठ्या यंत्राला वेळ लावायचा स्विच आणून बसवला. जेवताना ते दर समजावून सांगू लागले. शिवाय गाडीच्या चार्जरपाशी त्यांनी एक डबी बसवली, तिचं नाव चौकीदार. घरात एकदम फार वीज ओढली जाऊ लागली तर हा चौकीदार सगळ्यात आधी गाडीची वीज तोडायचा आणि घरातली यंत्रं शांत झाली की पुन्हा जोडायचा. गाडीचीच का, असं सुनेने विचारलं तेव्हा ते म्हणाले होते, "कारण गाडी कुरकुर करत नाही."

आता त्याच चौकीदारासमोर चौघं उभी होती. त्याचा लाल दिवा शांतपणे लुकलुकत होता.

"रात्री कुणी काय लावलं होतं?" वीजमंत्र्यांनी विचारलं.

"मी कपड्यांचं मशीन लावलं होतं," नात म्हणाली. ती कॉलेजात होती आणि आपलं कौतुक होणार अशा समजुतीत होती. "स्वस्त दर सुरू झाल्यावर. दोन खेपा. पडदेसुद्धा टाकले."

"भांड्यांचं मशीन माझं," सून म्हणाली. "कपडे संपल्यावर लागेल अशा बेताने लावलं होतं."

"गीझर मी लावला," मेट्रनबाई म्हणाल्या. "परीक्षेला जाताना डोक्यावरून पाणी घ्यावं म्हटलं. पहाटे स्वस्त असतं ना?"

"आणि पाण्याचा पंप?"

तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. वरून टाकीतल्या पाण्याची धार अंगणात पडत होती. वीजमंत्र्यांनी गालावरचा फेस हाताने पुसला.

"पंप मीच लावला होता," ते म्हणाले.

प्रकार सरळ होता. एक यंत्र थांबलं की दुसरं लागत होतं, आणि प्रत्येक वेळी चौकीदार इमानेइतबारे गाडीची वीज तोडत होता. स्वस्त दर संपला तेव्हा तो पंपाशी झगडत होता.

"बाबा, तुम्हीच म्हणाला होता, जे काय करायचं ते स्वस्त दरात करा," नात म्हणाली. "आम्ही केलं."

"सगळ्यांनी एकाच वेळी करा असं नव्हतो म्हणालो."

"एकाच वेळी कुठे केलं? एकामागून एक केलं."

वीजमंत्र्यांना रागावण्याचीही सोय उरली नाही. कारण इतके महिने कानीकपाळी ओरडूनही कुणी ऐकत नाही अशी त्यांची तक्रार होती, आणि आज पहिल्यांदाच सगळ्यांनी ऐकलं होतं.

परीक्षा पुढे ढकलता आली असती तर एवढं बिघडलं नसतं. पण मेट्रनबाईंचा दुसऱ्यांदा काढलेला शिकाऊ परवाना त्याच आठवड्यात संपत होता आणि आधी दोनदा त्या नापास झालेल्या होत्या. पहिल्यांदा जुन्या पेट्रोलच्या गाडीत, चढावर गाडी बंद पडली म्हणून. दुसऱ्यांदा या गाडीत, हॉर्नमुळे. उभी हयात मोठ्या रुग्णालयात काढलेल्या, शेवटी तिथल्या मुख्य परिचारिका होऊन निवृत्त झालेल्या बाईच्या कानात एकच गोष्ट बसली होती, की मागून वाजलं म्हणजे रुग्णवाहिका. त्यामुळे हॉर्न वाजला रे वाजला की त्या गाडी कडेला घेत आणि सगळा रस्ता मोकळा होईपर्यंत तिथेच थांबत. परीक्षकांनी शेऱ्यात लिहिलं होतं, 'रस्त्यावर ठामपणा नाही.' ज्या बाईच्या नुसत्या चपलेच्या आवाजाने तरुण डॉक्टर कॉट सोडून उभे राहायचे, तिच्याबद्दल हा शेरा.

आणि गाडी त्यांना हौस म्हणून शिकायची नव्हती. नदीपलीकडच्या गावात त्यांची धाकटी बहीण एकटी राहायची. गुडघ्याच्या दुखण्याने ती घरातच अडकली होती. तिकडे जाणाऱ्या बसगाड्या कमी होत होत एकच उरली होती. बहिणीचा फोन आला की मेट्रनबाई म्हणायच्या, "येते हं," आणि फोन ठेवून मुलाच्या सुटीची वाट बघत बसायच्या. हे वाट बघणं त्यांना मुळीच मानवत नव्हतं.

"अजून वेळ आहे," वीजमंत्री म्हणाले. "महाग तर महाग. आत्ता लावतो. जेवढी भरेल तेवढी."

घाईत त्यांनी चौकीदाराला बाजूला केलं आणि गाडी थेट जोडली. त्याच वेळी वर नात आजीच्या कपड्यांना इस्त्री करत होती, स्वयंपाकघरात विजेच्या शेगडीवर चहा होता, आणि मेट्रनबाई न्हायला गेल्यामुळे गीझर पुन्हा तापू लागला होता. खट्ट असा एक आवाज झाला आणि सगळं घर गप्प झालं. मेन स्विच पडला होता. वीजमंत्र्यांनी तो वर केला, तो खाली आला. पुन्हा केला, पुन्हा आला. तो इतका तापला होता की निवेपर्यंत वर राहायला तयार नव्हता.

मेट्रनबाई टॉवेल गुंडाळलेलं डोकं दारातून बाहेर काढून म्हणाल्या, "काय झालं रे?"

"काही नाही, आई. वीज गेली."

"कुणामुळे?"

"गेली आपली," वीजमंत्री म्हणाले.

सून मात्र एव्हाना अंगणातल्या कट्ट्यावर बसून विचार करत होती. रोज नव्या माणसाला शेजारी बसवून त्याच्या हाती आपला जीव देणाऱ्या बाईला घाबरून चालत नाही.

"अडचण एकच आहे," ती म्हणाली. "चार्ज दहाच्या खाली गेला की हा नारिंगी दिवा लागतो, आणि दहाच्या वर गेल्याशिवाय विझत नाही. दिवा लागलेली गाडी परीक्षेला घेत नाहीत. आपल्याला तिथे पोचेपर्यंत दहाच्या वर जायचंय."

"चालवून चार्ज वाढतो होय?"

"उतारावर वाढतो."

त्यांची वसाहत टेकडीवर होती आणि परीक्षेचं मैदान पार खाली, नदीच्या काठी. रस्ता वळणावळणांचा, पण वसाहतीपासून पुलापर्यंत सगळा उताराचा.

"पेडलवरचा पाय सैल केला की ही गाडी आपण होऊन रोखली जाते, आणि रोखली जाताना बॅटरी भरते," सून म्हणाली. "ब्रेक दाबला की मजा गेली. नुसत्या पायाच्या अंदाजाने उतरायचं. आणि गाडी जेवढी जड, तेवढी जास्त भरेल."

इथे तिने नवऱ्याकडे पाहिलं. तशी तिची नजर साधीच होती, पण वीजमंत्र्यांनी पोट आत घेतलं.

"मी पण येते," नात म्हणाली. "खालून मला कॉलेजची बस मिळेल. आणि आई, ओले कपडे घ्यायचे का? पडदे प्रचंड जड झालेत."

सुनेने क्षणभर विचार केला. "घे."

मग सगळ्यांच्याच डोक्यात प्रकाश पडला. टाकी काठोकाठ भरलेली होती. घरात पाण्याचे जे कॅन होते ते सगळे अंगणातल्या नळाखाली धरून भरले. रात्रभर पैसे मोजून गच्चीवर चढवलेलं पाणी आता टेकडीखाली नेऊन त्याची वीज परत काढायची, ही कल्पना वीजमंत्र्यांना एवढी पटली की कॅन उचलताना ते चक्क गुणगुणत होते. डिकीत कॅन बसले, मागच्या सीटवर नात, वीजमंत्री आणि त्या दोघांच्या मांडीवर ओल्या पडद्यांची टोपली. वीजमंत्र्यांची दुसऱ्या गालाची दाढी राहिली ती राहिलीच.

मेट्रनबाई ड्यूटीवर निघाल्यासारख्या, हातात बांगडी न घालता, केस घट्ट बांधून आल्या. त्यांनी गाडीकडे पाहिलं.

"हे काय? घर बदलतोय का आपण?"

"वजन आहे, आई. सांगते चालता चालता," सून म्हणाली. "तुम्ही बसा. तुम्हीच चालवायचंय."

सुनेने शेजारी बसून सगळं समजावलं. पाय हळूहळू सैल करायचा, एकदम सोडायचा नाही, ब्रेकला शक्यतो हात, म्हणजे पाय, लावायचा नाही. मेट्रनबाईंनी मान हलवली.

"सलाईन सोडतो तसं."

"अगदी तसं."

"मग शिकवू नकोस," मेट्रनबाई म्हणाल्या, आणि गाडी फाटकातून बाहेर पडली.

त्यांनी ती टेकडी खरोखरच थेंबाथेंबाने उतरली. एसी बंद, रेडिओ बंद, मागच्यांचं बोलणंही बंद. पहिल्या वळणाला नऊ होते, दुसऱ्या वळणालाही नऊच. वीजमंत्री मान लांब करून आकडा बघत होते आणि वळणावर पडद्यांचं पाणी त्यांच्या पायजम्यात झिरपत होतं. घाईत तो बदलायचाही राहिला होता.

तिसऱ्या वळणानंतर मागून हॉर्न वाजला.

सुनेने आकड्याकडे पाहिलं. आता या गाडी कडेला घेणार, थांबणार, आणि परीक्षेची वेळ टळणार. मेट्रनबाईंचे हात चाकावर आवळले. डोळे आरशाकडे गेले.

"रुग्णवाहिका आहे का?" त्यांनी विचारलं.

नातीने मागे वळून पाहिलं. "नाही, आजी. निळी गाडी आहे. एकच माणूस आहे आत."

"त्याला काही झालंय?"

"राग आलाय फक्त."

"त्याने कुणी मरत नाही," मेट्रनबाई म्हणाल्या, आणि त्यांचा पाय पेडलवर होता तसाच राहिला.

निळी गाडी हॉर्न वाजवत राहिली. रस्ता अरुंद, वळणं आंधळी, त्यामुळे तिला पुढे जाता येईना. तिच्या मागे आणखी गाड्या साचल्या. शाळेपाशी आल्यावर मेट्रनबाईंनी वेग आणखी कमी केला. मागे हॉर्नांचा नुसता कल्लोळ उसळला, पण चाकावरचे हात आता सैल होते. शाळा मागे पडली तेव्हा आकडा दहा झाला. पूल दिसायच्या आधी अकरा झाला, आणि नारिंगी दिवा विझला.

"विझला," वीजमंत्री पुटपुटले. इतका आनंद त्यांना शीतगृहाला वीजबचतीचं बक्षीस मिळालं तेव्हाही झाला नव्हता.

मैदानावर पोचताच सून म्हणाली, "आता सगळं वजन खाली." येणाऱ्याजाणाऱ्यांनी थांबून पाहावं असा तो देखावा होता. पायजम्यातला, एका गालाने दाढी केलेला एक जाडजूड माणूस गाडीतून पाण्याचे कॅन काढून कुंपणाजवळच्या झाडांना ओतत होता आणि एक मुलगी ओल्या पडद्यांची टोपली त्याच्या पायाशी ठेवून कॉलेजच्या बसकडे पळत होती. त्यांच्या पाठोपाठ आत आलेली निळी गाडी एव्हाना जागा शोधून थांबली होती. तिच्यातून परीक्षक उतरले.

तेच परीक्षक. दोन्ही वेळा नापास करणारे.

ते हातात कागदांची फळी घेऊन सरळ पांढऱ्या गाडीपाशी आले.

"मघाशी उतारावर माझ्यापुढे तुम्ही होतात?" त्यांनी विचारलं.

"हो," मेट्रनबाई म्हणाल्या. "हॉर्न तुम्ही वाजवत होतात?"

"हो. मला उशीर होत होता."

"शाळेपाशी हॉर्नला मनाई आहे. तिथेही वाजवलात."

सुनेने डोळे मिटले. परीक्षकांनी फळीवरचा कागद उगाच सरळ केला. मग दार उघडून आत बसले आणि म्हणाले, "चला."

वीजमंत्री आणि सून कुंपणापाशी उभे राहिले. इतकी वर्षं संसार केला, पण दोघांनी एकमेकांचा हात इतका घट्ट धरण्याचा प्रसंग क्वचितच आला होता.

आत काय चाललं होतं ते नंतर मेट्रनबाईंकडून कळलं. ऊन चढलं होतं. पहिलं वळण घेताघेताच परीक्षकांनी कपाळ पुसलं.

"एसी लावता का जरा?"

एसी लावला असता तर आकडा खाली सरकून दिवा लागला असता. मेट्रनबाईंनी चारही काचा खाली केल्या.

"परीक्षेच्या वेळी काचा उघड्या बऱ्या," त्या म्हणाल्या. "मागचं सगळं नीट ऐकू येतं."

परीक्षक कागदांच्या फळीने वारा घेत राहिले. नियमात बसणारं उत्तर होतं.

चढावर गाडी थांबवून पुन्हा सुरू करायची होती, ती त्यांनी इतक्या अलगद केली की परीक्षकांनी खिडकीतून खाली वाकून गाडी हलली की नाही ते पाहिलं. खांबांमधून मागे घेताना त्या एकदाच थांबल्या, कारण एक कुत्रं आलं होतं. कुत्र्याला जायला पुरेसा वेळ दिला आणि पुढचं काम उरकलं. शेवटी रहदारीच्या रस्त्यावर एक फेरी झाली. मागून एका ट्रकने हॉर्न दिला. मेट्रनबाईंनी आरशात पाहिलं, रुग्णवाहिका नाही याची खात्री केली, आणि आपल्या चालीने जात राहिल्या.

परत आल्यावर परीक्षक गाडीतून उतरले आणि फळीवर बराच वेळ काहीतरी खरडत राहिले.

"मागच्या वेळी मी लिहिलं होतं, ठामपणा नाही," ते म्हणाले. "आज अख्खा उतार मी हॉर्न वाजवला, तरी तुम्ही चाल बदलली नाहीत. ते शब्द मी मागे घेतो." मग आवाज जरा खाली आणून त्यांनी विचारलं, "इतक्या हळू का उतरत होता पण?"

"वीज महाग झालीये," मेट्रनबाई म्हणाल्या.

परीक्षकांनी उसासा टाकला. "आमच्याकडे पण," ते म्हणाले, आणि सही केली.

सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. वीजमंत्र्यांनी नुसताच नाक ओढल्याचा आवाज काढला. मेट्रनबाईंनी पर्समधून फोन काढला आणि बहिणीला लावला. "रविवारी येते," त्या म्हणाल्या. "नाही, कुणाच्या सुटीचा प्रश्न नाही. मी येते."

मग परत जायचा विषय निघाला. आकड्यात दहा उरले होते आणि जी टेकडी उतरून आले होते तीच आता चढायची होती.

"दोघीच गेलो तर पोचू," सून हिशेब करून म्हणाली. "तिघं नाही."

तिने 'तिघं' असं म्हटलं तरी कोण ते उघड होतं. वीजमंत्र्यांनी आईकडे पाहिलं.

"तू उतारावर फार उपयोगी पडलास," मेट्रनबाई प्रेमाने म्हणाल्या. "चढावर बसने ये. आणि पडदे आण."

अशा रीतीने रिकाम्या कॅनची मोळी, ओल्या पडद्यांची टोपली आणि एका बाजूने दाढी केलेला चेहरा घेऊन वीजमंत्री टेकडीच्या बसमध्ये चढले. कंडक्टरने सामानाचं तिकीट काढायला लावलं. ते बसले, आणि त्यांनी मोबाइलवर गाडीचं ॲप उघडलं. त्यात गाडीचा चार्ज कुठूनही दिसत असे. नऊ.

शेजारी एक वयस्क बाई भाजीची पिशवी घेऊन बसल्या होत्या. त्यांनी या माणसाचा पायजमा पाहिला, गाल पाहिला, मोबाइलला चिकटलेली नजर पाहिली.

"काय झालं हो?" त्यांनी विचारलं.

"आई," वीजमंत्री म्हणाले. "आठ झाले."

"आठ काय?"

"टक्के."

बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला. पुढच्या सीटवरचा कार्यालयात निघालेला गृहस्थ मागे वळला. "ऑक्सिजन?" त्याने हलक्या आवाजात विचारलं.

"चढ आहे ना, म्हणून कमी होतंय," वीजमंत्री स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाले. "सात. वर पोचली की झालं."

"असं बोलू नका," बाई कळवळून म्हणाल्या. "कुठे वर पोचली? डॉक्टर काय म्हणतात?"

तेव्हा कुठे वीजमंत्र्यांच्या लक्षात आलं. त्यांनी घाईघाईने सगळा उलगडा केला. कपड्यांच्या मशीनपासून सहीपर्यंत. आई ठणठणीत आहे, तीच गाडी चालवतेय, आजच पास झाली. लोक चिडतील असं त्यांना वाटलं होतं. पण बसमधल्या प्रत्येकाच्या घरी विजेचं बिल येत होतं.

"आमच्याकडे मी इस्त्री कपाटात कुलूप लावून ठेवलीये," कुणीतरी मागून म्हणालं.

"किती झाले आता?" गृहस्थाने विचारलं.

"पाच."

वळण आलं, आणि पुढे चढावर ती पांढरी गाडी दिसली. एका लयीत, जराही घाई न करता ती चढत होती. अर्धी बस उजवीकडे झुकली. ड्रायव्हरने बस तिच्या मागे नेली आणि सवयीने हॉर्नकडे हात नेला.

"ड्रायव्हरसाहेब, राहू द्या," शेजारच्या बाई उठून म्हणाल्या. "तिला मागून दाबू नका. थांबावं लागलं तर वीज जाईल तिची."

"किती राहिलीये?" ड्रायव्हरने आरशातून विचारलं.

"चार."

ड्रायव्हरने हात परत चाकावर ठेवला आणि बस मागेच राहिली. जो तो मनातल्या मनात ती गाडी ढकलत होता. शेवटचा चढ सगळ्यात उभा होता. त्याच्या पायथ्याशी बसचा थांबा लागला, माणसं चढली-उतरली, आणि तेवढ्यात गाडी वरच्या वळणाआड गेली. आकडा तीन झाला. मग दोन. दोनवर तो बराच वेळ हलला नाही.

"थांबली का कुठे?" कुणीतरी विचारलं.

वीजमंत्र्यांनी स्क्रीन डोळ्यांजवळ धरली. त्यावर तीन आले होते.

"वाढले," ते म्हणाले.

"चढावर कसे वाढतील?"

"घरी पोचली ती. चार्जिंगला लावली." त्यांनी स्क्रीन शेजारच्या बाईंसमोर धरली. "पोचली."

बसमध्ये मागपासून पुढपर्यंत बातमी गेली आणि ड्रायव्हरने कारण नसताना एकदा दिवे लावून विझवले. शेजारच्या बाईंनी डोळे पुसले. गृहस्थाने घड्याळ पाहिलं आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

"पण आत्ता? आत्ता तर दर सगळ्यात महाग आहे," तो म्हणाला.

ते खरंच होतं. ॲपनेही तेच लिहून खाली 'थांबवा' असं लाल बटण दिलं होतं. वीजमंत्र्यांचा अंगठा सवयीने त्या बटणावर गेला आणि अर्धा इंच वर थबकला. सगळी बस त्या अंगठ्याकडे पाहत होती.

"असू द्या," ते म्हणाले. "आईला रविवारी जायचंय." आणि त्यांनी अंगठा काढून घेतला.

त्यांचा थांबा आला तेव्हा दोघातिघांनी मिळून कॅन खाली दिले आणि गृहस्थाने पडद्यांची टोपली स्वतः उतरवली. बस निघायच्या बेतात होती. वीजमंत्री दोन्ही हातांत कॅन आणि काखेत टोपली घेऊन वसाहतीच्या फाटकाकडे वळले, तोच मागून खिडकीवर टकटक झाली. त्या वयस्क बाई काचेआडून बोटं हलवून विचारत होत्या, आता किती.

वीजमंत्र्यांनी सगळं सामान भर रस्त्यात खाली ठेवलं, खिशातून मोबाइल काढून पाहिला, आणि हात उंच करून पाचही बोटं दाखवली.